धरती हलली, आग लागली, तर पाणी कुठून येणार?

आजची पोस्ट लांब आहे. वेळ काढून वाचा.

मागच्या आठवड्यात बालाघाटहून मामेभाऊ आला होता. जेवता जेवता म्हणाला, "भाऊ, तुम्ही पेपरवाले आहा. ते चुटक्याचं अणुकेंद्र झालं आणि तिकडं भूकंप आला, तर आपलं काय होणार सांगा." मी नेहमीचं उत्तर दिलं, की भिंती मजबूत असतात, भूकंपाचा विचार करूनच बांधतात. तो म्हणाला, "भिंतीचं नाही विचारून राहिलो. आग लागली तर?"

मी गप्प झालो. मग चार-पाच रात्री जुनी कात्रणं आणि अहवाल काढून बसलो. जे सापडलं ते इथे लिहितो. मी तज्ज्ञ नाही, पण इतिहास वाचायला तज्ज्ञ व्हावं लागत नाही.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. चुटका हे मध्य प्रदेशच्या मंडला जिल्ह्यातलं, नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या जलाशयाकाठचं गाव. गोंदियापासून सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटर. जबलपूरची गाडी नैनपूरवरून जाते, तो आपलाच मुलूख. तिथे ७०० मेगावॉटच्या दोन जड पाण्याच्या अणुभट्ट्या उभारायच्या आहेत. २०१७ मध्ये केंद्र सरकारने एकदम दहा अणुभट्ट्यांना मंजुरी दिली, त्यात या दोन होत्या. तिथली बरीचशी माणसं गोंड आदिवासी, बरगी धरणात एकदा उठलेली. जनसुनावणी २०१३ मध्ये विरोधामुळे पुढे गेली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये पार पडली.

आता भूकंप.

२२ मे १९९७. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, आपण भंडारा जिल्ह्यात होतो. मी सोळा-सतरा वर्षांचा. उन्हाळा म्हणून आमगावकडच्या आमच्या घरी सगळे अंगणात खाटा टाकून झोपलेलो. पहाटे सव्वाचारच्या पुढे खाट हलली. मला वाटलं कुत्रं खाली शिरलं. आजी उठून बसली आणि म्हणाली, "धरती हालली रे." आत मांडणीवरची भांडी वाजत होती. दिवस उजाडल्यावर रेडिओवर कळलं, जबलपूरला भूकंप झाला. ५.८ रिश्टरचा. चाळीसच्या आसपास माणसं गेली, जबलपूर, मंडला, सिवनीकडची हजारो घरं पडली-तडकली.

हा भूकंप झाला त्या भागाला भूशास्त्रज्ञ नर्मदा-सोन पट्टा म्हणतात. नर्मदेच्या दरीला धरून जमिनीच्या पोटात जुन्या भेगा आहेत. चुटका त्याच दरीत आहे.

आपल्या राज्याची आठवण आणखी वाईट. ११ डिसेंबर १९६७, कोयना. वेळ पहाटे चार एकवीस. गंमत नाही, जबलपूरचीही वेळ जवळजवळ तीच. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. पहाटे तीन छप्पन्न. हजारो माणसं झोपेत दगड-मातीखाली गेली. आणि लक्षात ठेवा, किल्लारीचा भाग तेव्हाच्या सरकारी नकाशात झोन एकमध्ये होता. म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. पुढे २००२ मध्ये तो झोन एक नकाशातूनच काढला आणि झोन दोनमध्ये मिसळला. त्या २००२ च्या नकाशात आपला गोंदिया झोन दोनमध्ये होता. किल्लारीनंतर मला तरी 'झोन दोन' वाचून गाढ झोप लागत नाही.

पण १९९३ साली आणखी एक पहाट होती, जी आपल्याकडे फार कोणाला आठवत नाही.

३१ मार्च १९९३. किल्लारीच्या बरोबर सहा महिने आधी. उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात, गंगेच्या काठी नरोरा अणुवीज केंद्र. पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. एवढं मोठं फिरतं यंत्र एका बाजूला झुकलं आणि जोरात थरथरलं. जनरेटर थंड ठेवायला त्यात हायड्रोजन वायू भरलेला असतो, तो फुटून बाहेर आला. वंगणाचं तेल सांडलं. भडका उडाला. आग केबलींवर चढली. आणि मुख्य वीज नेणाऱ्या केबली आणि संकटकाळच्या विजेच्या केबली शेजारी-शेजारीच टाकलेल्या होत्या. दोन्ही जळाल्या. केंद्रात पूर्ण अंधार. नियंत्रण कक्षात धूर भरला, माणसांना तो सोडावा लागला. सतरा तास त्या युनिटला वीज नव्हती.

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. अणुभट्टी बंद केली म्हणजे थंड झाली असं नाही. चुलीतली लाकडं ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहतात ना, तसंच. बंद केल्याच्या क्षणी पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता इंधनात निघतच असते. ती हळूहळू उतरते, पण तास, दिवस, आठवडे पाणी फिरवत ठेवावं लागतं. पाणी थांबलं तर इंधन वितळतं.

नरोऱ्यात भट्टी काही सेकंदांत बंद केली गेली. ती पुन्हा पेट घेऊ नये म्हणून काही कर्मचारी हातात बॅटऱ्या घेऊन अंधारात इमारतीच्या वर चढले आणि हाताने झडपा उघडून बोरॉनचं द्रावण सोडलं. आणि भट्टी थंड ठेवायला पाणी कुठून आलं? आग विझवायच्या डिझेल पंपांमधून. विजेवरचे सगळे पंप मेले होते. डिझेलवर चालणारे अग्निशमनाचे पंप वाचले आणि त्यांनीच पाणी पुरवलं. किरणोत्सार बाहेर पडला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेला सातपैकी तिसरी पातळी दिली गेली.

आता गंमत बघा. नरोरा हे आपल्या देशातलं भूकंपाच्या दृष्टीने सगळ्यात जास्त काळजी घेऊन बांधलेल्या केंद्रांपैकी एक. कारण ते झोन चारमध्ये आहे. भूकंपाची तयारी पक्की होती. आणि संकट आलं ते भूकंपाशिवाय, टर्बाइनच्या पात्यातून.

तर मामेभावाचा प्रश्न असा होतो: नरोऱ्यासारखी आग आणि जबलपूरसारखा भूकंप एकाच पहाटे आले तर?

हा कल्पनेचा खेळ नाही. जपानमध्ये झालंय.

१६ जुलै २००७, सकाळी दहा तेरा. जपानच्या निगाता भागात मोठा भूकंप झाला. जवळच काशिवाझाकी-कारिवा अणुकेंद्र, सात भट्ट्यांचं, क्षमतेने जगातलं सगळ्यात मोठं. धक्के गृहीत धरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बसले. तरी चालू असलेल्या भट्ट्या आपोआप बंद झाल्या, इमारती टिकल्या. पण तिसऱ्या युनिटच्या बाहेर एक ट्रान्सफॉर्मर होता. ट्रान्सफॉर्मरचा पाया पक्का होता, पण त्याला जोडलेल्या विजेच्या वाहिनीखालची जमीन खचली. एक बाजू खाली गेली, दुसरी जागेवर राहिली. जोड तुटला, तेल गळलं, ठिणगी पडली, पेटलं.

लोक विझवायला गेले तर पाण्यात जोरच नाही. भूकंपात जमिनीखालचे अग्निशमनाचे पाइप फुटले होते. फायर ब्रिगेडला कळवायची खास लाइन ज्या खोलीत होती तिचं दार भूकंपात अडकून बसलं. आणि गावातलं फायर ब्रिगेड आधीच पडलेल्या घरांमागे धावत होतं. ट्रान्सफॉर्मरचा काळा धूर सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिला. आग विझायला जवळपास दोन तास लागले.

पुन्हा वाचा. भट्टी शाबूत. आग साध्या ट्रान्सफॉर्मरची, जसा आपल्या सबस्टेशनला असतो, फक्त मोठा. पण ज्या धक्क्याने आग लावली त्याच धक्क्याने पाइप फोडला, दार अडकवलं आणि मदतीची माणसं दुसरीकडे पळवली.

दुसरी घटना ११ मार्च २०११ ची. त्या दिवशीचं फुकुशिमा सगळ्यांना माहीत आहे. तिथे घात केला तो त्सुनामीच्या पाण्याने, वीज गेली आणि इंधन वितळलं. पण भूकंपाच्या केंद्राच्या सगळ्यात जवळ होतं ते ओनागावा अणुकेंद्र. ते वाचलं. इतकं वाचलं की आसपासच्या गावांतली बेघर माणसं तिथे आसऱ्याला गेली. पण तिथेही पहिल्या युनिटच्या टर्बाइन इमारतीच्या तळघरात विजेचं स्विचगिअर धक्क्याने हललं, आत ठिणगी उडाली आणि आग लागली. दुपारी पावणेतीनला भूकंप, आग विझली रात्री अकराच्या सुमारास. धुरामुळे आत शिरताच येत नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. हा धोका मोजतात कसा?

भूकंपाचा हिशेब असा असतो. अणुकेंद्र बांधताना भूकंपाच्या दोन पातळ्या धरतात. एक लहान, तिच्यानंतरही केंद्र चालू राहायला हवं. दुसरी मोठी, साधारण दहा हजार वर्षांत एकदा येईल अशी. तिच्यात केंद्र बंद पडलं तर चालेल, पण सुरक्षित बंद झालं पाहिजे आणि थंड राहिलं पाहिजे. मग प्रत्येक पंप, पाइप, पॅनेल किती धक्क्याला टिकेल याचा अंदाज बांधतात.

भट्टी आणि तिची सुरक्षेची यंत्रणा मोठ्या भूकंपासाठी बांधतात. पण टर्बाइनची इमारत, बाहेरचे ट्रान्सफॉर्मर, तेलाच्या टाक्या यांना सहसा तेवढी कडक अट नसते, कारण ती भट्टी थंड ठेवणारी यंत्रं नाहीत. आणि जळण्याजोगं सगळं नेमकं तिथेच. आपल्या तिरोड्याच्या औष्णिक केंद्रात जे असतं तेच: वंगण तेल, हायड्रोजन, ट्रान्सफॉर्मर तेल, मैलोन् मैल केबली. अणुकेंद्राचा तो अर्धा भाग साध्या वीज केंद्रासारखाच असतो.

आगीचा हिशेब वेगळ्या फाइलीत. कुठल्या खोलीत काय जळू शकतं, किती वेळात पसरेल, दार किती वेळ टिकेल, पाण्याचे फवारे सुरू होतील का.

घोटाळा इथे आहे. भूकंपाची फाइल वेगळी, आगीची फाइल वेगळी. आगीच्या फाइलीत धरलेलं असतं की आग एका ठिकाणी लागेल, पाइपात पाणी असेल, रस्ता मोकळा असेल, माणसं हजर असतील. भूकंपात यातलं एकही गृहीत टिकत नाही. एकाच वेळी चार ठिकाणी आग लागू शकते. धुळीने आगीचे अलार्म उगाच वाजतात, मग खरा कुठला ते कळत नाही. फवारे नको तिथे सुरू होऊन विजेच्या पॅनेलवर पाणी पडतं.

आणि लोक गणित चुकवतात ते असं. मोठा भूकंप हजारात एक, मोठी आग हजारात एक, म्हणून दोन्ही एकदम दहा लाखात एक. वाटतं बरोबर, पण हा हिशेब फक्त दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसेल तरच चालतो. आपल्याकडचं मे महिन्यातलं वादळ आठवा. झाड पडतं, लाइट जाते. लाइट गेली की बोअरची मोटर बंद. थोड्या वेळाने मोबाइलचा टॉवर बंद. रस्त्यावर तेच झाड आडवं, लाइनमन येऊ शकत नाही. या पाच वेगळ्या दुर्घटना आहेत का? एकच वादळ आहे. भूकंप आणि आग यांचंही तसंच.

हे जगाला उशिरा कळलं. १९७५ मध्ये अमेरिकेत ब्राउन्स फेरी केंद्रात हवा कुठून गळते ते पाहायला मेणबत्ती धरली आणि केबली पेटल्या. तेव्हापासून केबली वेगळ्या टाकायचे नियम तिकडे आले. तरी अठरा वर्षांनी आपल्या नरोऱ्यात केबली शेजारी-शेजारी होत्याच. भूकंपातून लागणाऱ्या आगीचा विचार करायला हवा, हे अमेरिकेच्या अणु नियामकाच्या तज्ज्ञ गटाने शिफारस म्हणून लिहिलं ते २०११ मध्ये, फुकुशिमानंतर.

जपानने मात्र २००७ च्या ट्रान्सफॉर्मरवरून एक धडा घेतला. अणुकेंद्रांनी स्वतःची फायर इंजिनं ठेवायची. २०११ मध्ये फुकुशिमात सगळे पंप मेले तेव्हा भट्टीत पाणी घालायला हीच फायर इंजिनं जोडली. ती पुरी पडली नाहीत, हे खरं. पण नरोऱ्यात डिझेल पंप, फुकुशिमात फायर इंजिन. दोन्हीकडे शेवटच्या क्षणी आशा होती ती आग विझवणाऱ्या साध्या यंत्रांवर.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर म्हणाल पत्रकार घाबरवतो. २००१ च्या २६ जानेवारीला कच्छचा एवढा मोठा भूकंप झाला, गुजरातमधलंच काक्रापार अणुकेंद्र सुरळीत चालू राहिलं. २००४ च्या त्सुनामीत कल्पक्कमला पाणी पंपघरात शिरलं, भट्टी नीट बंद झाली. आपल्या इंजिनिअरांना काम येत नाही असं कोणी म्हणू नये. ज्या माणसांनी नरोऱ्यात अंधारात झडपा उघडल्या त्यांचे तर पुतळे व्हायला पाहिजेत.

पण निर्धास्त राहायलाही जागा नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्याच जिल्ह्यात देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, तारापूर, १९६९ पासूनचं. जैतापूरबद्दल २०११ मध्ये विनोद गौर आणि रॉजर बिल्हम या शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं, की आजवर मोठा भूकंप नोंदला गेला नाही म्हणजे होणारच नाही असं धरता येत नाही. किल्लारीने हेच शिकवलं होतं.

माझा स्वतःचा एक अनुभव. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मॉक ड्रिल होती, बातमीसाठी गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा नावाचा नाही. सायरन वाजला, टोप्या घातलेली माणसं धावली, लाल पाइप उलगडला, साहेबांनी इशारा केला, व्हॉल्व्ह फिरवला. फुसऽऽ करून हवा आली. पाणी नाही. कारण विचारलं तर कळलं, ड्रिलसाठी आधी मेन स्विच बंद केला होता आणि पाण्याचा पंप त्याच लाइनवर होता. सगळे हसले. मीही हसलो. फोटो घेतला, बातमी लिहिली, 'मॉक ड्रिल यशस्वी'. आज त्या बातमीची लाज वाटते. तिथे जो प्रश्न मी विचारायला पाहिजे होता तोच मामेभावाने जेवताना विचारला.

२०१६ च्या डिसेंबरात आपल्याच शहरात हॉटेलला आग लागली, सात जीव गेले. तेव्हा भूकंप नव्हता. रस्ते उभे होते, नळाला पाणी होतं, फोन लागत होते. तरी सात गेले. हे आठवा आणि मग विचार करा.

सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज करायचं ठरवलं आहे. म्हणजे आणखी बरीच केंद्रं येतील. मी 'अणुवीज नको'वाला नाही. कोळशाची राख आपण तिरोड्यात बघतोच. पण चुटक्याबद्दल प्रश्न विचारायचा हक्क मंडलावाल्यांना आहे आणि आपल्यालाही आहे. नकाशावर राज्याची सीमा असते, धक्क्याला नसते. १९९७ ला आमच्या अंगणातली खाट हललीच होती.

माझे प्रश्न साधे आहेत. भूकंप आणि आग एकदम आले तर काय, याचा अभ्यास एकाच फाइलीत झाला आहे का, आणि ती लोकांना वाचायला मिळेल का? अग्निशमनाचे पाइप भट्टीइतक्याच मोठ्या भूकंपासाठी बांधणार का, की साध्या पाइपासारखे जमिनीत पुरणार? विजेशिवाय चालणारे पंप किती, आणि त्यांचं डिझेल कुठे ठेवणार? ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या वाहिन्या एकाच पायावर असतील का? मंडल्याचा रस्ता दरड पडून बंद झाला, तर केंद्रातली माणसं किती तास एकट्याने आगीशी लढू शकतील? आणि मॉक ड्रिल मेन स्विच बंद करून, रात्री, पहाटे चार वाजता घेणार का?

पहाटे चार मुद्दाम लिहिलं. कोयना, किल्लारी, जबलपूर, आणि नरोऱ्याची आग, चारही पहाटे साडेतीन ते साडेचारच्या आत आल्या. योगायोग आहे, त्यात शास्त्र नाही. पण त्या वेळी ड्यूटीवर माणसं कमी असतात, अंधार असतो आणि साहेब घरी झोपलेले असतात. तयारी मोजायची असेल तर ती वेळ धरून मोजा.

मामेभावाला काल फोन केला. म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, पण प्रश्न बरोबर होता. तो म्हणाला, "मग लिहा ना भाऊ." म्हणून लिहिलं.

१९९७ च्या त्या पहाटे तुम्ही कुठे होता? आमगाव, देवरी, सालेकसा, तिरोडा, गोंदिया शहर, ज्यांना आठवत असेल त्यांनी खाली नक्की लिहा. काय हललं, किती वेळ हललं, कोणती भिंत तडकली. आपल्या भागाच्या या नोंदी कोणी ठेवल्या नाहीत. निदान आपण ठेवू.